देव वरच राहिला

८ ऑक्टो. २०१५, गुरु.
हेझ, म्हणजे शेजारच्या देशातल्या जळत्या जंगलांचा धूर, इतका की टॅम्पिनीस स्टेशन गाठेपर्यंत घसा खवखवला. आज टीममधल्या पिएत्रोची रजा नाकारली. त्याचं गाव इटलीत, डोंगरात, मोजकी घरं. बर्फ पडायच्या आत, १ नोव्हें.ला, वरच्या देवळातला त्यांचा संत, म्हणजे त्याची मूर्ती, खांद्यावरून गावात आणतात, हिवाळाभर खाली ठेवतात. आपली पालखीच म्हणायची. चार खांदे, चार ठरलेल्या घरांचे. वडिलांचे गुडघे गेल्यापासून त्यांच्या घरचा खांदा पिएत्रोच देतो.
मी विचारलं, "दुसरं कोणी नाही का उचलायला?" शिवाय क्लायंटची घाई आहे, असं ठोकून दिलं. तो ओके म्हणाला.
काम लांबलं ते मी गणपतीत पुण्याला बसून मोदक हाणत होते म्हणून. आणि तेव्हा माझं काम कोणी ओढलं? यानेच.

१२ ऑक्टो., सोम.
नवरा शनिवारी म्हणाला, "अगं, मग देऊन टाक की रजा." आज देणारच होते. पण दिली असती तर काम आणखी लांबलं असतं, आणि मुळात का लांबलं ते बॉसपुढे निघालं असतं. नाही दिली. भित्री.

२ नोव्हें., सोम.
क्लायंटने स्वतःच रिलीज पुढे ढकलला. घ्या.
पिएत्रोला विचारलं, काल झालं का नीट? म्हणाला, आणलाच नाही खाली. एका घरचा खांदा नसेल तर उचलत नाहीत. वडील हट्टाने निघाले, चढावरच बसले. बाकी तिघं दांड्यापाशी थोडा वेळ उभे राहिले, मग दिवे लावून सगळे उतरले. आजोबांच्या वेळेपासून असं झालं नव्हतं म्हणे.
चिडला असता तर बरं झालं असतं.

११ नोव्हें., बुध.
ऑफिसात फराळ नेला. बाकीच्यांना दोन-दोन चकल्या, पिएत्रोला डबाभर. माझी मलाच लाज वाटली. त्याने संध्याकाळी डबा धुऊन परत दिला.

१९ डिसें., शनि.
मनूला झोपवताना त्या गावाची गोष्ट सांगितली, माझा भाग गाळून. पोरगी उठून बसली. "मम्मा, देन गॉड ऑल अलोन इन द स्नो अह? व्हाय नोबडी फेच हिम?"
झोप म्हटलं. उगाचच एसी बंद केला, मग नवरा घामाघूम होऊन ओरडला.

१५ फेब्रु. २०१६, सोम.
वर्षाच्या रजा लावत होते. पिएत्रोचा नोव्हेंबर कोरा. मीच बोलावून सांगितलं, तो आठवडा तुझा, आत्ताच मंजूर करते.
नको म्हणाला. गावाने ठरवलंय, यापुढे देव जीपमधून आणायचा. माणसांचा भरवसा नाही, वडीलही कबूल झाले. "जीपला खांदा लागत नाही." हसलासुद्धा.
तेव्हाच सांगायला हवं होतं, की घाई क्लायंटची नव्हती. त्याच्यासोबत लिफ्टपर्यंत गेले, तोंड उघडलंही. तेवढ्यात त्यानेच विचारलं, यंदा तुझा गणपती कधी? जा तू, काम मी बघेन.
मी तारीख सांगितली. पाच सप्टेंबर.