आखाजीआधी दोन्ही खोल्या भरणार

२ फेब्रुवारी १९३६, अमदाबाद

आजपासून रोज लिहायचं. मी, कौतिक, नुसता मिलमधला साच्यावरचा, कापडाच्या मागावरचा माणूस नाही. धुळ्याला माझ्या दोन खोल्या आहेत, बापाच्या जागेवर स्वतः बांधलेल्या, कौलं नवी. समोर अभिमननाना राहतात. माझ्या खोल्यांच्या चाव्या सांभाळणाऱ्या भिकुमावशीला त्यांनी सांगून ठेवलंय, परमुलखात राहणाऱ्याला आमची लेक कमल द्यायची नाही. आखाजीपर्यंत कौतिकच्या खोल्यांत भाडेकरू आले, तो घरी येऊन राहिला, तर बोलू. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अडीच महिने. खोलीमागं सव्वा महिना. टाइम भरपूर.

५ फेब्रुवारी, दुपार

भाडेकरू कसला पाहिजे त्याचे रूल केले. नोकरीवाला. फॅमिलीवाला, पण पोरं थोडी. बकरी नाही. दारात मिरच्या कुटायच्या नाहीत. एकटा माणूस मुळीच नाही, समोर नानांकडं लेक आहे.

झुलालनं ऐकलं. तो आमच्या धुळ्याजवळच्या सोनगीरचा. इथं एका खोलीत आम्ही नऊ एकटे, पाळीपाळीनं झोपतो. म्हणाला, तुझ्या रूलनं तुलाच कोणी खोली द्यायचा नाही. त्याला मालकी म्हणजे काय ते ठाऊक नाही.

१२ फेब्रुवारी

मावशीचं पत्र. (पोस्टमन बन्सीलाल लिहून देतो.) रेल्वेचा एक बाबू खोली बघून गेला. पसंत पडली, चावी मागत होता. मावशीनं घाई केली नाही, शाबास. लगेच लिहून विचारलं, मूळ गाव कोणतं, बायको तापट आहे काय, आधीची जागा का सोडली.

२१ फेब्रुवारी

बाबू घेवरचंद शेटच्या चाळीत गेला. शेटनं काहीच विचारलं नाही म्हणे, पाणी पाजलं आणि चावी दिली. असा उतावळा माणूस टिकला नसताच. वाचलो.

१ मार्च

युक्ती सापडली. तिन्हीसांजेला घर अंधारात राहिलं की लोक म्हणतात, अवदसा शिरली. अशा घरात कोण पाऊल ठेवील? मावशीला लिहिलं, रोज दिवेलागणीला दोन्ही खोल्यांत कंदील लाव आणि दार पुढं ओढून घे. घर जागतं दिसलं पाहिजे.

१४ मार्च

दिवे नेमानं लागतात. गल्लीत सगळे म्हणतात, कौतिकच्या खोल्या भरल्या वाटतं. नानाही मावशीशी हसून बोलले. फक्त खोली बघायला कोणी येत नाही. रंगपंचमीमुळं असेल.

झुलालला सांगितलं तर हसत सुटला. "अरे भाऊ, दिवा दखीसन लोके म्हनतस, घर भरेल शे. तुन्हा घरमा दिवाच भाडेकरू शे."

अडाणी आहे. मावशीला कळवलं, वात थोडी मोठी ठेव.

२५ मार्च

एक शाळामास्तर कंदील न जुमानता आला. एकटा निघाला. नकार कळवला. रूल म्हणजे रूल.

५ एप्रिल

बकरी चालेल. आजच पत्र टाकलं.

६ एप्रिल

दोन बकऱ्या चालतील. मिरच्याही कुटू देत. दुसरं पत्र टाकलं.

८ एप्रिल

मिलमधल्या जॉबरला, माणसं कामावर लावणाऱ्या मुकादमाला, सांगून टाकलं, आखाजीला जातोय, परत येणार नाही. मालक गावात फिरताना दिसला की लोकांचा भरवसा बसतो, खोल्या आपोआप भरतात. जॉबरनं तासाभरात माझ्या साच्यावर दुसरा माणूस उभा केला. बरं झालं. बेडी तुटली.

१२ एप्रिल

नानांनी मावशीला विचारलं, तुमचे भाडेकरू विहिरीवर कसे दिसत नाहीत. मावशीनं सांगून टाकलं, नाना, दिवे आहेत, माणसं नाहीत. खोटं बोलता येत नाही हा तिचा दोष. नाना काही बोलले नाहीत, घरात गेले. मुकाट राहिले म्हणजे आतून कबूल. नवा सदरा शिवायला टाकला.

१९ एप्रिल, सकाळ

मावशीचं पत्र आलं. दोन्ही खोल्या भरल्या.

आखाजीपासून पाच दिवस, स्वतः अभिमननानांनी घेतल्या. कमलचं लग्न जामनेरला ठरलं. घाईत ठरलं. वऱ्हाड उतरवायला जानोसा पाहिजे, आणि सबंध गल्लीत रिकामी जागा आपलीच. चाळीस माणसं येणार. जानोशाचं भाडं कुणी घेत नाही म्हणून मावशीनं चाव्या तशाच दिल्या, वर शेण-मातीनं जमिनी सारवून ठेवल्या. शेवटी लिहिलंय, "नाना भला माणूस. म्हणाले, कौतिकला लग्नाला बोलवा, पंगतीत वाढायला हात पाहिजेत. फक्त निजायची सोय दुसरीकडं बघून ये म्हणावं."

पत्र तीनदा वाचलं. चाळीस माणसं म्हणजे खोलीमागं वीस. घेवरचंद शेटला सुद्धा जमलं नाही.

तोच दिवस, संध्याकाळ

जॉबरकडं गेलो. म्हणाला, साचा रिकामा नाही. खोलीवर आलो तर माझ्या जागेवर यावलकडचा एक नवा माणूस घोरत पडलेला. माझी वळकटी दाराबाहेर. तो भाडं आगाऊ देऊन बसलाय.

झुलालनं विचारलं, आता राहणार कुठं. मी म्हटलं, धुळ्याला माझ्या दोन खोल्या आहेत.

या वेळी तो हसला नाही. आपले पाय आखडून घेतले. तेवढ्या जागेत बसून लिहितोय.