‘काय’ आलं होतं, ते परत गेलं

पायाकोच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या मामांच्या पायाशी भाचा येवाय याचा यामालच्या टुंड्रातून वाकून नमस्कार. (तुमचं नाव पाकिटावरही लिहिलेलं नाही. थोरांचं नाव तोंडी घ्यायचं नाही हे वळण तुमचंच. टपालातल्या बाईंना “ते मोठ्या आवाजाचे, एका कानाने बहिरे” एवढी खूण दिली आहे. पोचेल.) गुडघे कसे आहेत? मामींचा दात काढला का? इकडे मी बरा आहे, रेनडिअर बरे आहेत, कुत्र्याला सर्दी आहे.

तर झालं असं. मार्चच्या सुरुवातीला बुडापेस्टहून एतेल्काबाई नावाच्या विदुषी माझ्या चुमात, या कातड्याच्या तंबूत, येऊन राहिल्या. विषय काय, तर आपले प्रश्नार्थक शब्द मुळात कुठून आले! लोक तेल शोधायला येतात, गॅस शोधायला येतात. या बाई हजारो कोस तुडवून ‘कोण’ शोधायला आल्या. त्यांचं म्हणणं असं की, फार पूर्वी आपण आणि आपले भाऊबंद, म्हणजे एनेत्स, न्गानासान, सेल्कुप, सगळे एकाच चुलीवर जेवत होतो, तेव्हा हा शब्द ‘क’ने सुरू व्हायचा. सेल्कुपांनी तो ‘क’ जपून ठेवला, ते अजून ‘कुती’ म्हणतात. आपण मात्र घासून घासून त्याचा ‘खिब्या’ केला. (आपण एकही वस्तू धड ठेवत नाही, हे मामी म्हणतातच.) आपल्या ‘ङामगे’चं, म्हणजे ‘काय’चं मूळ म्हणे अजून वादात आहे. मी सांगितलं, वाद कसला, ‘खाणे’ला आपण जे म्हणतो त्यातूनच निघाला असणार, कारण चुमात शिरल्यावर माणूस पहिलं तेच विचारतो. बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि पुढे बारीक अक्षरात काहीतरी जोडलं. कौतुक नसावं.

मग त्यांनी आवाज टिपायचं यंत्र सुरू केलं आणि विचारलं, ‘खिब्या’ कुणाला आणि ‘ङामगे’ कुणाला? मी ऐटीत समजावलं. ‘खिब्या’ फक्त माणसाला. रेनडिअर, कुत्रा, मासा, सगळ्यांना ‘ङामगे’. रशियन शाळेत डासालासुद्धा ‘कोण’ म्हणायला शिकवतात, पण आपल्यात तेवढा मान डासाला नाही. बाई म्हणाल्या, एखादं उदाहरण द्या. तेवढ्यात बाहेर खुडबुड झाली. माझा पाळीव रेनडिअर पावासाठी दाराशी तोंड घासतो, तोच असणार असं धरून मी यंत्राकडे तोंड करून खणखणीत विचारलं, “ङामगे?” म्हणजे, काय आलंय?

कातड्याचा पडदा वर झाला आणि आत सेरोतेत्तो कुळातला म्हातारा आला. सेव्नेचा बाप.

मामा, सेव्नेबद्दल तुम्हाला लिहिलंच होतं. मी मागणी घातली, त्याला महिना झाला. “उत्तर बाबा स्वतः येऊन देतील” असा तिचा निरोप होता. तेच उत्तर घेऊन म्हातारा स्लेजवरून दिवसभराची वाट कापत आला होता, आणि मी त्याला गुराढोरांत ढकललं.

मी चहा ओतला, गोठलेला मासा तासून पुढे ठेवला. म्हाताऱ्याने कप उचलला. इकडे एतेल्काबाईंना आनंदाचं भरतं. आवाज नीट आलाय का बघायला त्यांनी यंत्र मागे फिरवलं. “ङामगे?” पुन्हा एकदा. “ङामगे?” आणखी एकदा. वर त्यालाच विचारतात, “आजोबा, हे बरोबर आहे ना हो?”

“शब्द बरोबर आहे,” म्हातारा म्हणाला. “बोलणारा चुकलाय.”

तीन कप संपवून तो उठला. मी कसाबसा म्हणालो, “बसा की हो अजून.”

“नको. ते बसलं, ते चहा प्यालं. आता ते चाललं.”

आणि गेलं. होकार की नकार, काहीच न सांगता. बाई म्हणाल्या, असा प्रयोग त्यांना बारा वर्षांत मिळाला नव्हता. मी अभिनंदन केलं. बाकी सर्व ठीक.

आपला भाचा,
येवाय

ता. क. तुम्ही लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाची काठी घेऊन सेरोतेत्तोंकडे जाल का? लाज वाटते, पण माझं दुसरं कोण आहे? येवाय गाढव आहे, पण रेनडिअर समजून बोलला, एवढं पटवा.

पुन्हा ता. क. ते रेनडिअरचं पटवू नका. खोटं आहे. म्हाताऱ्याच्या स्लेजची घंटा मी लांबूनच ओळखली होती. सेहेचाळीस वर्षांचा घोडा, पण सेव्ने काय म्हणाली असेल याशिवाय डोक्यात काही उरलं नाही. मी म्हाताऱ्याला ‘काय’ म्हटलंच नाही हो मामा, तिचं उत्तर काय आलंय ते विचारलं. तुम्ही जा आणि तेवढंच विचारून या.