फ्रेंच कोंबडीला किती पाय

३ जानेवारी १९३४, बुधवार
नव्या वर्षाचा संकल्प (दोन दिवस उशिरा, एक तारखेला डोकं दुखत होतं): रोज पहाटे पाचला उठून तासभर फ्रेंच वाचायचं. आज साडेसहाला जाग आली. थंडी फार.

मोठी बातमी! आमच्या हेडमिस्ट्रेस मिस हार्डिंगनी ऑफिसात बोलावलं. मद्रासला जाताना एक फ्रेंच मादाम त्यांच्या बंगल्यावर दोन दिवस उतरणार. सोमवारी, पंधरा तारखेला, त्या माझा वर्ग पाहतील. पसंत पडला तर मी पर्मनंट. नाहीतर शाळेत फ्रेंच बंद.

अण्णांना सांगितलं. म्हणाले, पर्मनंट झालीस तर माढ्याच्या स्थळाला नकार कळवतो. नाहीतर मुकाट्यानं पोहे करायचे. मी हसले. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट पोह्यांना भीत नाही. (माझ्या पोह्यांचा गिचका होतो, हे वेगळं.)

५ जानेवारी, शुक्रवार
उच्चारांची काळजी नाही. पुण्याचे आमचे प्रोफेसर पुस्तकातून फ्रेंच शिकले, मी त्यांच्याकडून. खरा फ्रेंच माणूस आम्ही कुणीच ऐकलेला नाही. त्यामुळे माझ्या उच्चाराला कुणाची वाईट सवय लागलेली नाही.

योजना ठरली. मुली चार, म्हणून प्रश्न चार. बाकाच्या क्रमानं एकीला एक.
मल्लव्वा: तुझं नाव काय?
अजीजा: पुस्तक कुठं आहे? (टेबलाखाली.)
मालती: तुझा भाऊ काय करतो? (गिरणीत कामाला आहे.)
नरसम्मा: कोंबडीला किती पाय? (दोन पाय, मादाम, आणि एक चोच.)
मादामना शोधाशोध नको, म्हणून प्रश्नांची यादी मिसकडे दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. भारावल्या असाव्यात.

८ जानेवारी, सोमवार
आजचा दिवस: साडेदहाला प्रार्थना. सगळ्या मोठ्यानं गातात, मी ओठ हलवते. मग रजिस्टर. मग भूगोल, तो माझा विषय नाही. मग पुन्हा भूगोल. दोनला फ्रेंच! पाऊण तास चौघींनी आपापलं उत्तर घोकलं. छप्पर दणाणलं. शेजारच्या वर्गातून संस्कृतच्या शास्त्रीबुवांचा निरोप आला, की फ्रान्समध्ये सगळे बहिरे आहेत का.

अजीजानं विचारलं, बाई, टेबलाखाली म्हणजे काय हो? मी म्हटलं, अर्थ नंतर. आधी मुखोद्गत. वेदसुद्धा असेच टिकले.

पहाटे उठणं उद्यापासून नक्की.

११ जानेवारी, गुरुवार
केराबाई, आमची शाळेची आया, रोज फ्रेंचच्या पीरियडला घंटेशेजारी, माझ्या दाराबाहेर उन्हात तांदूळ निवडत बसते. आज म्हणाली, बाई, सोमवारी ती मल्लव्वा येतीया व्हय? गड्ड्याची जत्रा हाय की. त्यांच्या घराला नंदीध्वजाचा मान हाय. समदं घर रातभर जागं असतंय, सकाळी कोण उठतंय?

मी तिला समजावलं, की फ्रेंच शिकणाऱ्या मुलीला कर्तव्य कळतं. केराबाई म्हणाली, व्हय की, आन् झोप बी कळती. अशिक्षित माणसाची दृष्टी फार जवळची असते.

१४ जानेवारी, रविवार
संक्रांत. तिळगूळ बारा खाल्ले. शेवटची तालीम मनातल्या मनात केली. सर्व उत्तरं अचूक. पोहे करून पाहा म्हणून आई मागे लागली होती. गरज पडणार नाही.

१५ जानेवारी, सोमवार, दुपारी दीड
निळं पातळ नेसले आहे. मल्लव्वा अजून आली नाही. वाटेत असेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
वाटेत नव्हती.

बाकीच्या तिघी एकेक जागा पुढं सरकून बसल्या. बाक रिकामं दिसू नये, हे मीच शिकवलं होतं. मादाम आल्या. हातात माझी यादी. अजीजाला विचारलं, तुझं नाव काय? अजीजा ताठ उभी राहून म्हणाली, टेबलाखाली. मालतीला विचारलं, पुस्तक कुठं आहे? मालती म्हणाली, गिरणीत कामाला आहे. मादाम रुमालात खोकल्या. नरसम्माला विचारलं, तुझा भाऊ काय करतो? नरसम्मा म्हणाली, दोन पाय, मादाम, आणि एक चोच.

मग मादामनी कोंबडीचे पाय विचारले. मुलगीच उरली नव्हती. इतक्यात दारातून खणखणीत फ्रेंच आलं: दोन पाय, मादाम, आणि एक चोच! केराबाई, मांडीवर सूप. मादाम उठून तिच्याकडेच गेल्या. पुस्तक? टेबलाखाली. भाऊ? गिरणीत. नाव? केराबाईनं न अडखळता सांगितलं, माझं नाव मल्लव्वा.

मादामनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वळून काही लांबलचक बोलल्या. फार जलद बोलतात. बहुधा खेड्यातल्या असाव्यात. मी हसून तीनदा ‘वुई’, म्हणजे हो, म्हटलं. शेवट तरी चांगला झाला.

१७ जानेवारी, बुधवार
त्या काय बोलल्या ते मिस हार्डिंगनी आज सांगितलं. केराबाईला शिक्षिका समजून त्यांनी मला विचारलं होतं, की तुम्ही इथं घंटा वाजवता का?

मल्लव्वा आज आली. गड्ड्यावरची रेवडी आणली होती. दोन खाल्ल्या. रागावून.

२२ जानेवारी, सोमवार
फ्रेंच बंद. जूनपासून नव्हे, आजपासून. मादाम मद्रासला केराबाईला घेऊन गेल्या, त्यांच्या बाळाची आया म्हणून. पगार माझ्याहून जास्त. जाताना केराबाई म्हणाली, बाई, मनाला लावून घेऊ नका. तुमी शिकिवलेलं समदं पाठ हाय, आता अर्थ तितं इचारते. माझ्या वर्गातून फ्रेंचमध्ये पुढं गेलेली पहिली विद्यार्थिनी.

मी मात्र पर्मनंट झाले! मिस म्हणाल्या, बालवर्ग सांभाळा, आणि केराबाईचं कामही तुमच्याकडेच राहू द्या. अण्णांना मी ‘पर्मनंट’ एवढंच सांगितलं. त्यांनी लगेच माढ्याला नकाराचं कार्ड टाकलं आणि आळीत पेढे वाटले.

संकल्प: पहाटे पाचला उठणं. आता उठावंच लागेल. साडेदहाच्या ठोक्याला घंटा मलाच द्यायची आहे.