एमरी पेटिफोर्डच्या हजेरीची नोंद

प्रति,
मा. संचालक,
चार्टर शाळा सनद कक्ष,
वॉबॅश खोरे विभाग, इंडियाना.

विषय : नियोजित ईस्ट साइड तंत्रज्ञान चार्टर हायस्कूल, टॅनर फोर्ज, येथील चाचणीच्या नोंदी पुसण्यापूर्वी एका विद्यार्थ्याच्या आगमनाची वेळ कळविण्याबाबत, व तदनुषंगिक विनंती.

संदर्भ : १) चाचणीच्या नोंदी पुसण्याविषयी आपले पत्र.
२) सदर पत्रातून सूट मिळण्यासाठी अर्जदाराने केलेला पहिला अर्ज.

महोदया,

१. खाली सही करणारा अर्जदार लॅव्हेल पेटिफोर्ड, व्यवसाय लिफ्टदुरुस्ती, राहणार टॅनर फोर्जची रुळांअलीकडची वस्ती, आपणांस आदरपूर्वक कळवितो की तो वरील शाळेच्या आराखडा समितीचा पालक-सदस्य आहे. पालक-सदस्याचा पाल्य हयात असावा लागतो किंवा कसे, याचा खुलासा आपल्या नियमावलीत सापडत नाही. समितीच्या पहिल्या बैठकीत हा प्रश्न कोणीतरी दबक्या आवाजात काढला होता. तेव्हा अध्यक्षा सिस्टर ओपल ग्रँडबेरी यांनी, "लॅव्हेल बाप नाही तर कोण आहे? बसा खाली," असे म्हणून तो निकालात काढला. सिस्टर ओपल यांनी या वस्तीला तीस वर्षे गणित शिकविलेले असल्याने त्यांच्यापुढे कोणाचे चालत नाही.

२. शाळा कशासाठी हवी, हे सनदेच्या मूळ प्रस्तावात सल्लागारांच्या भाषेत लिहिले आहे. त्यात 'उद्याचे कौशल्य' हा शब्द इतक्या वेळा आला आहे की समितीतले आमच्या चर्चचे डीकन रूफस यांनी तो मोजणे सोडून दिले. खरे कारण तिथे कुठेच नाही, म्हणून अर्जदार ते येथे नमूद करीत आहे. वस्तीतली शाळा बंद झाल्यापासून आमची मुले रुळांपलीकडच्या शाळेत जातात. फाटकावर मालगाडी येऊन उभी राहते ती कधी हलेल याचा नेम नसतो. तिकडे आठला घंटा. तीनदा उशीर झाला की एक गैरहजेरी, आणि गैरहजेऱ्या साठल्या की घरी पत्र. त्यामुळे मुले दोन डब्यांच्या जोडामधून चढून पलीकडे उतरतात. सगळेच उतरत आले आहेत, अर्जदारसुद्धा लहानपणी उतरला आहे. अर्जदाराचा मुलगा एमरी, इयत्ता दहावी, जोडावर चढला असताना गाडी हलली. याहून अधिक लिहिण्यास अर्जदार असमर्थ आहे.

३. त्याच दिवशी संध्याकाळी घर माणसांनी भरले होते. चर्चच्या बायकांनी आणलेल्या जेवणाच्या भांड्यांना ओट्यावर जागा उरली नव्हती. त्या गर्दीत फोन वाजला. अर्जदाराची पत्नी व्हर्नेटा हिने तो उचलला. पलीकडून ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, "आपला पाल्य, एमरी पेटिफोर्ड, आज शाळेत गैरहजर होता. कृपया कारण कळवावे." व्हर्नेटाने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि "बरं," म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तिकडच्या मुख्याध्यापकांनी स्वतः येऊन माफी मागितली व फोन बंद करविला. यादीतले नाव मात्र काढायचे राहून गेले, असे मागाहून दिसून आले.

४. नवी शाळा रुळांच्या अलीकडे, बंद पडलेल्या किराणा बाजाराच्या इमारतीत व्हायची आहे. तिचा आराखडा आम्ही दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात, वर मासे तळले जात असताना, त्या वासातच केला. वाद पुष्कळ झाले. शाळेत यंत्रमानव असावा, पण बँड नसावा, असे सल्लागार श्री. कॉलिन हेस यांचे मत पडले. त्यावर डीकन रूफस म्हणाले, "बाळा, शुक्रवारी फुटबॉलच्या मैदानावर तुझा यंत्रमानव ट्रॉम्बोन वाजवणार आहे का? नाही ना? मग बँड राहू दे." बँड राहिला. यंत्रमानवही राहिला. भांडण झाले की दोन्ही ठेवायचे, ही आमच्या समितीची कामाची रीत आहे.

अर्जदाराने मात्र एकाच गोष्टीचा हट्ट धरला, तो म्हणजे हजेरीचा. तंत्रज्ञानाची शाळा म्हणता, तर तंत्रज्ञानाने आधी हे करावे, असे त्याचे म्हणणे होते. घंटा नको. उशीर नावाची नोंदच नको. मूल दारातून आत आले, त्याच्या कार्डाने दार उघडले, की ते हजर. हजेरी कोणा शिक्षकाच्या वा कारकुनाच्या हाताने लावता येऊ नये, आणि काढताही येऊ नये. मूल किती वाजता आले हे शाळेला दिसूच नये, म्हणजे कोणी त्याला बोलणार नाही. कायद्याने वेळेची नोंद ठेवावी लागते, तेव्हा ती परस्पर आपल्या कार्यालयात जावी. दिवसभरात दार उघडलेच नाही, तरच संध्याकाळी घरी फोन जावा, कारण आईबापांना तेवढे कळायला हवे. सिस्टर ओपल यांनी हे कलम जसेच्या तसे लिहून घेतले आणि आपल्या कार्यालयाने त्याला 'अनुकरणीय' असा शेरा दिला. त्या शेऱ्याबद्दल अर्जदार आजही आभारी आहे.

५. इमारतीत दारे बसली, पण वर्ग अजून उघडे-बोडके होते, तेव्हा श्री. हेस यांनी यंत्रणेची चाचणी सुरू केली. खरे फोन लागतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी पलीकडच्या शाळेची जुनी यादी मागून आणली व त्यातील आमच्या वस्तीच्या नावांची कार्डेही छापली. माणूस सज्जन आहे, बाहेरगावचा आहे, नावे वाचून त्याला काही कळायचे कारण नव्हते. शाळेत कोणीच येत नसल्याने यंत्राने सगळ्यांना गैरहजर धरले. पहिल्याच संध्याकाळी वस्तीत हाहाकार उडाला. मिसेस टॉलिव्हर यांची मुलगी त्यांच्यासमोर बसून मक्याचा पाव खात असताना ती शाळेत नसल्याचे फोनने सांगितले, आणि बिचारीला बोलणी बसली ती बसलीच. तक्रारी आल्या तशी श्री. हेस यांनी एकेक नाव काढून त्या जागी खोटी नावे व स्वतःचा फोन घातला. अर्जदाराने तक्रार केली नाही. त्यामुळे एक नाव राहिले.

६. तेव्हापासून रोज जेवायच्या वेळेला फोन वाजू लागला. "आपला पाल्य, एमरी पेटिफोर्ड, आज शाळेत गैरहजर होता." महोदया, आमच्या घरात त्याचे नाव कोणी उच्चारत नव्हते. लोक जपून बोलत, आम्ही त्यांच्याहून जपून. आणि ही कोण कुठली बाई रोज त्याचे पूर्ण नाव घेई, 'आपला पाल्य' म्हणे, आणि तो आज आला नाही म्हणे. उद्या येणारच नाही, असे ती कधी म्हणाली नाही. व्हर्नेटा फोन मोठ्या आवाजावर लावून ताटे वाढू लागली. पहिल्यांदा ती नुसती ऐके. मग उत्तरे देऊ लागली. "हो बाई, सांगते त्याला. ऐकतोय कुठे तो?" एकदा ती हसली. अर्जदाराने ते हसणे कितीतरी दिवसांनी ऐकले, आणि त्याला भीती वाटली, आणि बरेही वाटले.

७. हे फार दिवस झाकून राहणे शक्य नव्हते. सिस्टर ओपल एका संध्याकाळी केक घेऊन आल्या असता फोन वाजला. केक त्यांच्या हातातच राहिला. जाताना पायरीवर त्या अर्जदाराला म्हणाल्या, "लॅव्हेल, मेलेल्याला असं रोज दारात उभं करू नये रे. त्याला बसायलाही मिळत नाही नि जायलाही मिळत नाही." अर्जदार म्हणाला, "सिस्टर, मी काही करत नाही. यंत्र करतं." त्या म्हणाल्या, "यंत्र कोणाच्या हट्टाचं आहे?"

त्यानंतर आपले पत्र आले की चाचणीत खऱ्या व्यक्तींची नावे वापरली गेल्याचे आढळले आहे, सबब सर्व कार्डे जमा करून मोहोरबंद करावीत, यंत्रणेस कोणी हात लावू नये, आणि आपले अधिकारी येऊन सर्व नोंदी पुसतील, त्याशिवाय सनद मिळणार नाही. आपले म्हणणे रास्त होते. तरीही अर्जदाराने फक्त एका नावापुरती सूट मागणारा अर्ज केला. समितीत कोणी त्याच्याशी नीट बोलेना. वस्तीतल्या साऱ्या मुलांचे रूळ ओलांडणे एका घराच्या फोनपायी अडून बसले, हे सर्वांना दिसत होते. ते त्यालाही दिसत होते.

८. आता मूळ मुद्दा. आपल्या कार्यालयाचा माणूस येऊन कार्डांची पेटी कार्यालयाच्या मोहोरेने बंद करून गेला. पेटी चर्चच्या कचेरीत आहे. एमरीचे कार्ड त्या पेटीत आहे; अर्जदाराने ते आत ठेवताना पाहिले. त्याच्या पुढच्या मंगळवारी संध्याकाळी फोन वाजला नाही.

व्हर्नेटाने दोघांची ताटे वाढली आणि ती फोनकडे पाहत बसली. जेवण गार झाले. तिने फोन उचलून तो चालू आहे ना हे पाहिले. अर्जदाराने श्री. हेस यांना विचारले, तर खोट्या नावांचे फोन त्यांना नेहमीप्रमाणे आले होते. मग त्यांनी स्वतःच्या पडद्यावर पाहिले आणि तो अर्जदाराकडे वळविला. एमरीच्या नावापुढे त्या दिवशी 'हजर' अशी नोंद होती.

दुसऱ्या दिवशी पेटी पाहिली. मोहोर शाबूत होती. श्री. हेस म्हणाले, दाराच्या यंत्रात ओल गेली असेल, पाखरू धडकले असेल, होते असे. सिस्टर ओपल यांनी अर्जदाराचा हात धरला. बुधवारपासून फोन पुन्हा येऊ लागला आहे. अर्जदार अडाणी नाही. ओल कशाला म्हणतात हे लिफ्टवाल्याला कळते. पण हजेरी कोणाच्याही हाताने लागू नये, मूल स्वतः दारातून आले तरच लागावी, हे कलम त्यानेच लिहविले आहे. आपल्या कार्यालयाने ते मान्य केले आहे. आता त्याच कलमाने त्याचा मुलगा एक दिवस शाळेत आला म्हटल्यावर, ते खोटे आहे असे अर्जदाराने कोणत्या तोंडाने म्हणावे?

९. हे सारे सांगितल्यावर व्हर्नेटाने एवढेच विचारले, "वेळेवर पोचला का?" कुठून आला, कसा आला, हे तिने विचारले नाही. अर्जदाराला सांगता आले नाही, कारण वेळ शाळेला दिसत नाही. ती फक्त आपल्याला दिसते. त्या दिवसापासून ती नीट झोपलेली नाही. महोदया, आमच्या शाळेत उशीर ही नोंदच नाही, पण एमरीला हे कोणी सांगितलेले नाही. आराखडा त्याच्यामागून झाला. त्याच्या डोक्यात अजून आठची घंटाच असणार. म्हणजे तो धावत आला असणार, आणि जिथून आला तिथे फाटक आहे. पुन्हा यायचे झाले तर पुन्हा धावेल. व्हर्नेटाला हेच खाते आहे, आणि आता अर्जदारालाही.

सबब नम्र विनंती की,

(अ) सूट मागणारा पहिला अर्ज रद्द समजावा. नोंदी अवश्य पुसाव्यात, सनद द्यावी, आणि शाळा सुरू होऊ द्यावी. कोणत्याही मुलाला रूळ ओलांडावे लागू नयेत.

(आ) पुसण्यापूर्वी त्या मंगळवारची ती एक ओळ वाचून एमरी किती वाजता आला हे त्याच्या आईला कळवावे. वेळ आठनंतरची असल्यास ती सांगू नये, आला होता एवढेच सांगावे.

(इ) कार्ड लागले की दारावरच्या लहान पडद्यावर मुलाच्या नावाखाली एक ओळ उमटते. ती ओळ लिहिण्याचा अधिकार हल्ली आपल्याकडे आहे. एमरीचे नाव काढण्याच्या आधी फक्त एक दिवस, घड्याळ आठच्या पुढे गेले तरी चालेल असा दिवस, तेथे पुढील मजकूर ठेवावा. मजकूर त्याच्या आईने सांगितला आहे व अर्जदाराने त्यात काहीही बदल केलेला नाही :

"एमरी, घाई नको रे बाळा. आधी गाडी जाऊ दे."

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
लॅव्हेल पेटिफोर्ड
पालक-सदस्य, आराखडा समिती
टॅनर फोर्ज, दि. २१ मार्च

सोबत : आराखड्यातील हजेरीच्या कलमाची प्रत.