नव्या अस्वलिणीची पाटी

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्राणिसंग्रहालयाच्या पाट्या रंगवून काल सुखरूप घरी पोचलो. तू नेमकी प्रशिक्षणाला गेलेली, त्यामुळे तुझ्या क्वार्टरमध्ये एकटाच चहा करून पीत बसायचो. साखर सगळी संपवली आहे. छकुलीला तू विणलेला स्वेटर अगदी अंगाबरोबर बसला. तिची आई म्हणते, वन्संच्या डोळ्यांतच माप आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. म्हातारी अस्वलीण गेल्यावर जी नवी आणली, तिच्या पिंजऱ्यासमोर मी बरेच दिवस काम करत होतो. तुमच्या अधीक्षकांनी पाटीवर लिहायला सांगितलं, की ही दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात जन्मली आणि माणसांच्या हातावर वाढली. मी लिहिलं, चांगल्या ठळक अक्षरांत. पण ताई, हातावर वाढलेलं जनावर माणूस दिसला की भिंतीला असं चिकटतं का? माझ्या हातून रंगाचा डबा पडला, तर ती कोपऱ्यात अंग चोरून कितीतरी वेळ फुत्कारत राहिली. वारा सुटला की जाळीला नाक लावून उभी राहायची. दाराची चौकट उकरून उकरून नखं रक्ताळली होती. पिंजऱ्यावरच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला की पेंटरने रंगापुरतंच बघावं.

यात काहीतरी काळंबेरं आहे. तुला काय माहीत आहे ते कळव. साखरेपायी लोभ कमी करू नकोस.

तुझा
रंग्या


ता. ११ फेब्रुवारी

चि. रंग्यास,
अनेक उ. आ.

पत्र वाचून हसू आलं. ब्रश टाकून जनावरांचा डॉक्टर कधी झालास? अरे, नव्या जागी आलेलं जनावर बुजतंच. प्रवासाचा शीण, परके वास, परके आवाज. तुझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तीही किती दिवस खोलीबाहेर येत नव्हती; तिला काय कुणी जंगलातून धरून आणलं होतं?

कागदपत्रं अधीक्षकांनी स्वतः तपासली आहेत. माणूस सज्जन आहे. आणि पिंजरा वाईट असं म्हणणं बाहेरच्याला सोपं असतं. आईवेगळी किती पिल्लं मी बाटलीने दूध पाजून वाढवली. बाहेर ती मेलीच असती. इथे निदान पोटभर खायला मिळतं. शिवाय प्राणिसंग्रहालय नसतं, तर छकुलीसारख्या पोरांनी अस्वल फक्त पुस्तकात पाहिलं असतं.

एवढं मात्र कर, हे चारचौघांत बोलू नकोस. उगाच गवगवा होतो. छकुलीचा पुढचा दात पडला का? सगळ्यांची आठवण येते, हे ओळखून असा.

तुझी
ताई


ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दात पडला. छकुली तो सगळ्या गल्लीला दाखवत फिरते आहे.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तू सगळं समजावलंस, पण तिथली डॉक्टर असून त्या अस्वलिणीला तपासलंस असं कुठेही लिहिलं नाहीस. लहानपणी दारात आलेल्या मांजराचे कान तपासल्याशिवाय तू त्याला जाऊ देत नव्हतीस. आणि ती आली नेमकी तेव्हाच तुला प्रशिक्षणाला कुणी पाठवलं? गवगव्याची भीती खऱ्याला कशाला हवी?

राग येईल, पण लिहितोच. आता मला तुझाही संशय येतो. अक्षर माझं आहे, ताई. खोटं असेल तर ते माझ्या हातून लिहिलं गेलंय, आणि रोज शेकडो पोरं ते खरं समजून वाचताहेत.

माया आटू देऊ नकोस.

तुझा
रंग्या


ता. ३० मार्च

चि. रंग्यास,
अनेक उ. आ.

तुझ्या पत्राचा एवढा राग आला होता, की उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं. राग निवळला तेव्हा लाज वाटली, कारण मी खरोखरच तिला हात लावला नव्हता. अधीक्षक म्हणाले होते, जरा रुळू दे तिला. मी मान डोलावली होती.

मग नखांचं निमित्त करून तिला भूल दिली. पुढच्या पायावर, केसांखाली, तारेच्या फासाची जखम होती, अजून ओली. पोटावरून हात फिरवला तर स्तनांत दूध. रंग्या, कुठेतरी तिचं पिल्लू होतं.

तशीच अधीक्षकांकडे गेले. त्यांनी नाकारलंही नाही. म्हणाले, रिकाम्या पिंजऱ्यासमोरून पोरं हिरमुसून जातात ते बघवत नाही. आणि इथे निदान तिला पोटभर खायला मिळतं. मी तुला लिहिलेलंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकत होते. बाहेर पडले ती थेट वनखात्यात गेले.

चौकशी झाली. तिला पकडून विकणारा सापडला, त्याने तिला धरल्याची जागा दाखवली. अधीक्षक निलंबित होऊन घरी बसले आहेत. इथले लोक मी खोलीत शिरले की बोलणं थांबवतात, चहालाही हाक मारत नाहीत.

जखम भरल्यावर, परवा तिला तिच्या डोंगरात सोडलं. मी बरोबर गेले होते. वनरक्षकांनी पिल्लाचा माग खूप काढला, पण लागला नाही. तोवर तिचं दूधही आटलं होतं. दार उघडलं तेव्हा मला वाटत होतं की ती एकदा तरी वळून बघेल. का वाटावं कोण जाणे. जखमा मी धुतल्या होत्या म्हणून असेल. ती उतरली, जमिनीला नाक लावलं आणि झाडीत शिरली. वळली नाही.

तेव्हापासून इथल्या प्रत्येक जनावरासमोर उभी राहिले की शंका येते, याला कुठून आणलं असेल? उद्यापासून एकेकाला तपासायला घेते आहे. पहिला बिबट्या. माझा आवाज ऐकला की तो उठून जाळीपाशी येतो, आणि इतकी वर्षं मी ते कौतुकाने सगळ्यांना सांगत आले. तो मला ओळखून येतो, की दुसरीकडे जायला जागाच नाही म्हणून येतो, ते आता मला सांगता येणार नाही.

छकुलीला गोड पापा. लोभ असू दे, आणि संशयही थोडा शिल्लक ठेव.

तुझी
ताई