थंड इंजिनाचा निकाल

प्रति,
मा. वाहन अधिकारी,
आरोग्य विभाग, वाहन शाखा,
दुसरा मजला.

विषय : लसीकरणाच्या डिझेल व्हॅनचे इंजिन भंगारात न काढता खोलून नव्याने बांधण्याबाबत, आणि त्यापूर्वी ते एकदा गरम करून तपासण्याबाबत.

संदर्भ : १) ‘इंजिन दुरुस्तीयोग्य नाही’ हा आपला शेरा. २) व्हॅन सोमवारी भंगार आवारात जमा करण्याचा आपला आदेश.

महोदय,

सहा वर्षे मी या व्हॅनवर चालक आहे. माझी चौदा महिन्यांची मुलगी झोपते तेवढ्या वेळात हा अर्ज लिहिला आहे. कुठे वाक्य तुटले असेल तर ते तिच्यामुळे. राग मात्र माझा आहे.

१. व्हॅन चार लाख अडतीस हजार किलोमीटर चालली, हे मान्य. निळा धूर सोडते, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिते, हेही मान्य. ते ऑइल मीच ओतते. परंतु गाडी किती चालली हे मीटर सांगतो, किती उरली हे सांगत नाही. त्यासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते मोजावे लागते. आपल्या शाखेने ते मोजले. कसे मोजले, ते खाली देत आहे.

२. वीज गेल्यावरही आपल्या केबिनचा पंखा फिरावा म्हणून मंगळवारी व्हॅनची बॅटरी काढून इन्व्हर्टरला लावली. तिच्या जागी जिन्याखाली पडलेली जुनी बॅटरी बसवली. बुधवारी सकाळी निरीक्षक आले. गार पडलेले इंजिन त्या अर्धमेल्या बॅटरीवर कण्हत कण्हत फिरवले आणि चारही सिलिंडरचा दाब दोनशे दहाच्या आसपास लिहून घेतला. किमान तीनशे हवा. चारही सिलिंडर एकाच दिवशी एकाच मापाने मरत नाहीत, महोदय. तपासणीच्या नमुन्यात ‘इंजिनाचे तापमान’ असा रकाना आहे. त्यात निरीक्षकांनी ‘हवामान आल्हाददायक’ असे लिहिले आहे. खाली आपली सही आहे.

३. गुरुवारी कार्यशाळेतल्या जुन्या मिस्त्रींनी, ज्यांना सगळे पानाकाका म्हणतात, शेजारच्या ट्रकची चांगली बॅटरी मागून आणली. मी व्हॅन वीस किलोमीटर पळवून तापवून आणली. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर तीनशे नव्वदच्या घरात निघाला. तिसरा दोनशे सत्तर. काकांनी त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले, तर तो तीनशे साठवर गेला. म्हणजे ऑइलने फट बुजली. पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, इंजिन मेलेले नाही. गरम असतानाही ऑइलचा दाब टिकून होता. तो पडला असता तर मीच म्हटले असते, की पुरे झाले, आता हिला सोडा. मला व्हॅनचा लळा आहे. माझी मुलगी तिच्या घरघरीवाचून दुपारी सहसा डोळा मिटत नाही. पण लळ्यापोटी इंजिन बांधा, असे मी म्हणत नाही. काका आपल्या चाचणीबद्दल एवढेच बोलले : “झोपेतल्या माणसाला जिना चढायला लावला, आणि त्याचा दम मोजला!”

४. हे सांगायला मी वर आले तेव्हा आपण फाइलीतून मान न काढता म्हणालात, “गाडी म्हातारी झाली, बाई. म्हातारीला कोणी दागिने करत नाही. घरी मूल आहे ना, ते सांभाळा.” ही म्हातारी आठवड्यातून तीनदा टेकडी चढते. लिफ्ट बंद पडली की आपण फाइली खाली मागवता.

५. नवी व्हॅन येईपर्यंत टेकडीवरच्या आयांनी बाळे घेऊन खाली यावे, असे आदेशात आहे. नवी व्हॅन कधी येणार, ते नाही. नऊ किलोमीटर उतार, कडेवर बाळ, हाताला थोरले. आणि टोचल्यावर फणफणलेले बाळ घेऊन तोच चढ. मागच्या फेरीला एक जण म्हणाली, “गाडी नाही आली तर राहू दे, ताई. एक सुई चुकली म्हणून काय होतंय?” त्या ‘राहू दे’ची मला धास्ती आहे. आपल्यालाही असावी, एवढीच विनंती.

६. आदेशानुसार निकामी इंजिनाची ही व्हॅन ‘स्वतःच्या इंजिनावर, चालत्या स्थितीत’ सोमवारी अकरापर्यंत आणायची आहे. आणीन. रस्ता टेकडीवरूनच जातो आणि त्या दिवशी तिथे एकतीस बाळांचा डोस आहे, म्हणून वाटेत थांबेन. उशिराची नोटीस आजच तयार ठेवावी. गरम इंजिनाच्या फेरतपासणीचा आदेश त्याआधी मिळाला, तर टेकडीवरून थेट कार्यशाळेत जाईन. नाही मिळाला, तर भंगार आवारात व्हॅन चालू इंजिनानिशी उभी करीन. ते इंजिन मी बंद करणार नाही. किल्ली फिरवायला आपण स्वतः यावे.

अद्याप आपली नम्र,

(सही)
चालक, लसीकरण व्हॅन
शुक्रवार, दुपार

सोबत :
१) दोन्ही चाचण्यांचे आकडे, पानाकाकांच्या अक्षरात. (ऑइलचे डाग पुसू नयेत, आकडे जातील.)
२) एकतीस बाळांची यादी, वयासह.
३) इंजिन बंद करणाऱ्याच्या सहीसाठी कोरा कागद.