तिसरी वायर

प्रिय चिमणे,

बापाचं पत्र बघून दचकू नकोस. मी बरा आहे, बीपीची गोळी वेळेवर घेतो, गॅरेज जागेवर आहे आणि तुझी आत्या अजून माझ्यावर खेकसते, म्हणजे एकंदरीत ठीक चाललंय. पत्र लिहायची सवय गेली. पेन हातात घेतलं की बोटं ते पान्यासारखं धरतात, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. त्या रविवारच्या फोननंतर तू माझा फोन उचललेला नाहीस. आधी मी म्हटलं, कामात असेल. मग म्हटलं, लेकीला शिंगं फुटली. मग मी चक्क रुसलो आणि फोन करायचाच बंद केला. आता तू का उचलत नाहीस ते मला कळलंय, आणि तेव्हापासून मला माझ्याच तोंडाची लाज वाटते. तू पुन्हा माझ्याशी बोलावंस एवढ्यासाठी हे लिहितोय. पण त्याआधी तुला एका पिकअपची गोष्ट ऐकावी लागेल. बाप कधी सरळ मुद्द्यावर आल्याचं तुला आठवत नसेलच, आजही येणार नाही.

वळणावरची ती रोपांची नर्सरी आठवते ना? तिथल्या बाईंची पांढरी पिकअप. पांढरी म्हणायची ती आपली जुन्या ओळखीखातर, आता पत्र्यापेक्षा पोचे बुजवायला भरलेली लांबीच जास्त आहे तिच्यावर. तुझ्या शाळेच्या दिवसांत ती पहिल्यांदा आपल्याकडे आली आणि तेव्हापासून तिच्या इंजिनाला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. तर बाई आल्या आणि म्हणाल्या, गाडी मिसिंग मारते, चढावर धक्के देते. मिसिंग म्हणजे काय ते तुला सांगायला नको. चौघांनी कपाट उचललंय आणि एकाने हात सोडला, तर उरलेल्या तिघांचं जे होतं ते इंजिनाचं होतं. मी नेहमीसारखा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला, मूठ कानाला, आणि डोळे मिटून उभा राहिलो. बाजूचे लोक अशा वेळी गप्प होतात ते मला फार आवडतं, खोटं कशाला बोलू. कानसेन हे नाव मला उगाच पडलेलं नाही. गाडी कोपऱ्यावर असताना तिचा आजार सांगणारा माणूस मी. त्या दिवशी मला इंजिन लोण्यासारखं चाललेलं ऐकू आलं. म्हटलं, बाई, काही नाही, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. साफ करून दिला.

बाई परत आल्या. मी पुन्हा कान लावला, पुन्हा लोणी. प्लग बदलून दिले. त्या गाडी घेऊन गेल्या आणि पुन्हा परत आल्या, या वेळी उतरतानाच तोंड वाकडं. आणि चिमणे, इथे मी जे केलं ते सांगताना मान वर होत नाही. गॅरेजमध्ये चारपाच गिऱ्हाईकं होती, शेजारचा वेल्डर चहा घेऊन उभा होता, आणि सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणालो, बाई, इंजिनात काही नाही, तुम्ही स्वस्तात कुठलंतरी पेट्रोल भरता आणि मला नाचवता. वर हेही म्हणालो की, गाडीला शंका खाते आहे, गाडीच्या नव्हे, मालकिणीच्या डोक्यातली. लोक हसले. मला बरं वाटलं. बाईंनी किल्ली उचलली आणि त्या गेल्या. त्यांची मान ताठ होती पण कान लाल झाले होते, ते मी पाहिलं आणि तरीही मला बरंच वाटत राहिलं.

त्यानंतर टेकडीकडच्या चढावर गाडी बंद पडून मागे घसरली. ब्रेक लागले म्हणून बाई वाचल्या, पण हौद्यातली मोठाल्या कुंड्यांची रांग रस्त्यावर आली. दुसऱ्या कुठल्या गॅरेजला त्या गेल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्या आल्या माझ्याकडेच. इंजिन चालू ठेवून मला हाताला धरून धुराड्यामागे नेलं आणि म्हणाल्या, इथे उभे राहा आणि ऐका. मी ऐकलं. मग त्यांनी विचारलं, फट्, फट्, मध्येच गॅप, येतोय ना ऐकू? मी म्हणालो, गाडी तर सरळ चालली आहे. त्यावर कुणी हसलं नाही. मी वेल्डरकडे पाहिलं. हा माणूस आयुष्यभर ग्राइंडरशेजारी उभा राहिलेला, बहिरा व्हायचा तर त्याने व्हायला हवं. त्याने नजर खाली घातली आणि हळूच काहीतरी म्हणाला. त्याचे ओठ हलले एवढंच मला दिसलं. मग त्याने जवळ येऊन मोठ्याने सांगितलं, उस्ताद, पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ऐकू येतंय. आम्हाला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे आमचंच चुकत असेल.

मला धरणीने पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं. पण धरणी असल्या वेळी कामाला येत नाही, आणि समोर गाडी चालू होती. मी धुराड्यासमोर तळहात धरला. तुला शिकवलं होतं तसंच. हवा हाताला लागते, लागते, लागते, मग एक जागा रिकामी, पुन्हा लागते. हाताला कळलं ते कानाला पत्ताच नव्हता. मग रबर चढवलेली पक्कड घेतली आणि एकेका प्लगची वायर काढायला लागलो. आठवतं? तू ड्रायव्हरच्या सीटवर बसायचीस, पाय पुरायचे नाहीत म्हणून खाली लाकडी ठोकळा, आणि मी वायर काढली की आतून तुझा बारीक आवाज यायचा, फरक पडला. पुढची काढली की, फरक पडला. आणि जिची वायर काढून इंजिन होतं तसंच चालत राहायचं तिथे तू ओरडायचीस, बाबा, फरक नाही पडला, हाच चोर. पहिली काढली, इंजिनाचा जोर बसला, ते हाताला कळलं. दुसरी काढली, बसला. तिसरी काढली आणि काही नाही. सीटवर बाई होत्या. त्यांना आपला खेळ कुठून माहीत असणार, पण त्याही आतून ओरडल्या असाव्यात, कारण वेल्डरने मला खूण केली.

बॉनेटवर ताडपत्री टाकून मी आत डोकं घातलं. आत अंधार झाला आणि दिसलं. तिसऱ्या वायरचं रबर चिरलं होतं आणि तिथून निळी ठिणगी शेजारच्या पट्टीवर उडत होती. ही ठिणगी उडताना आवाज करते गं. टिक, टिक, टिक. अगदी शिकाऊ पोरालाही ऐकू जातो. मी तिच्यापासून वीतभर अंतरावर डोकं घालून उभा होतो, ठिणगी डोळ्यांना दिसत होती आणि कानात काही म्हणजे काही नव्हतं. प्लग बदलताना मीच ती वायर ओढून चीर वाढवली असणार. ताडपत्रीखाली मी जरा जास्तच वेळ थांबलो. लोकांना वाटलं तपासतोय. बाहेर यायला तोंड नव्हतं म्हणून थांबलो होतो.

वायर बदलली. गाडी नीट झाली, असं बाकीचे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी नर्सरीत जाऊन बाईंची माफी मागितली. त्या झारीने पाणी घालत होत्या, त्यांनी झारी खाली ठेवली नाही. म्हणाल्या, माफी माझी मागू नका, चारचौघांत बोललात ते चारचौघांत मागे घ्या, आणि आधी कान दाखवा. मी दोन्ही केलं. पहिलं जास्त अवघड जाईल असं वाटलं होतं, पण वेल्डरने सगळ्यांना गोळा केलं आणि मी बोललो, बाईंची गाडी खरं बोलत होती, मी नाही. दुसरं मात्र फजितीचं झालं. कानाच्या दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवतात, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मला काहीच येईना. मग लक्षात आलं की काचेपलीकडची मुलगी आवाज सोडताना खांदा हलवते. मी तिच्या खांद्यावर बटण दाबायला लागलो. या वयात कॉपी. तिला संशय आला, ती हसली आणि खुर्ची फिरवून पाठमोरी बसली. त्यानंतर बटण तसंच हातात राहिलं. तिने मग कागदावर रेघ काढून समजावलं की जाड, घोगरे आवाज मला थोडेफार येतात, बारीक आवाज गेले आहेत. हे आजचं नाही, म्हणाली, हळूहळू गेले असतील, घरच्यांना कळलं नाही का? मी म्हणालो, घरी मी एकटाच असतो. हेही अर्धंच खरं. खालचे लोक टीव्हीचा आवाज कमी करा सांगायला येत होते, आणि मी त्यांना तिरसट म्हणत होतो.

तिथून येताना मला तुझा आवाज आठवला. तुझं नाव चिमणी का पडलं? आवाजावरून. आईकडून आलाय तो, बारीक आणि वरच्या पट्टीतला. जे आवाज माझे गेले त्यात तुझा पहिला असणार. मग मी आठवत बसलो, गेल्या कितीक फोनांत तू काय काय बोललीस आणि मी काय काय ऐकलं. आणि मला कळलं की मी फोनवर ऐकतच नव्हतो. तू थांबलीस की मी हं म्हणायचो. तुझा सूर वर गेला की अरे वा म्हणायचो, खाली गेला की चालायचंच म्हणायचो, आणि अधूनमधून एखादा शब्द हाती लागला की त्याच्यावरून बाकीचं रचायचो. पुन्हा सांग म्हणायची लाज वाटायची. कानसेनाने पुन्हा सांग कसं म्हणायचं? तुला वाटत असेल, बाबा किती निवांत ऐकून घेतात. तू तेवढ्यासाठीच मला सगळं सांगत होतीस का गं? गेले काही महिने तुझा सूर खालीच असायचा, एवढं मला आठवतंय. चालायचंच, मी म्हणायचो.

आता तो रविवार. तू आणि जावई घर बदलणार, सामानाची बांधाबांध चालली आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. परवा तुझी आत्या आली, माझ्यासमोर स्टूल ओढून बसली, हनुवटीला धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं आणि विचारलं, पोरीला तू असं कसं बोललास? मी म्हटलं, काय बोललो? तेव्हा तिने सांगितलं. तू म्हणाली होतीस, बाबा, आम्ही वेगळे झालो. मला ऐकू आलं, बाबा, आम्ही मोकळे झालो. मला वाटलं, सामान लागलं, दगदग संपली. म्हणून मी हसलो. म्हणून म्हणालो, छान झालं, मी केव्हाचा सांगत होतो एकदाचं उरका, आता निवांत झोपा दोघं. तू त्यानंतरही काहीतरी म्हणालीस. ते काय होतं ते मला आजही माहीत नाही. मी त्याच्यावर अरे वा म्हणालो. आत्याने हे सगळं मला माझ्याच आवाजात करून दाखवलं, तुला माहीत आहे ती नक्कल कशी करते, आणि मग तीच रडायला लागली. चिमणे, तू मला जे सांगितलंस ते मी ऐकलंच नाही, आणि मी जे बोललो ते तुला नव्हतं. तू ज्या दिवशी बापाला सर्वांत आधी फोन केलास, त्या दिवशी बाप ऐटीत बहिरा बसला होता. ऐकू आलं असतं तर मी काय बोललो असतो? शहाणपणाचं काही नाही. एवढंच विचारलं असतं, कुठे आहेस, जेवलीस का, मी निघू का? तेच आता विचारतोय. कानाचं मशीन अजून यायचं आहे, तोपर्यंत फोनवर माझा भरवसा धरू नकोस, दोन ओळी लिहून पाठव. त्या रविवारी शेवटी काय म्हणालीस तेही लिही. तू फोन बंद केलास आणि इथे फरक पडला गं, फार पडला. नर्सरीच्या बाईंना मी काही सांगितलं नव्हतं, पण आत्याने सांगितलं असणार, कारण काल त्या स्वतः पिकअपची किल्ली टेबलावर ठेवून गेल्या. म्हणाल्या, मुलीचं सामान आणायचं असेल तर घेऊन जा, आता चढ चढते. सामान आणायचं नसेल तर मी नुसताच येतो. समोर बसून बोल, तुझे ओठ दिसले की मला बरंच कळतं, आणि जे कळणार नाही ते मी पुन्हा सांग म्हणेन.

तुझाच,
आत्याच्या भाषेत ठार बहिरा,
बाबा